केरीची उंची नेमकी किती? उपग्रहाच्या रडारवर कुठवर विसंबायचं

तेरेखोल नदी समुद्राला मिळते तिथं दक्षिण काठावर पेडणे तालुक्यातलं केरी आहे आणि उत्तर काठावर तेरेखोलचा किल्ला. मधे फेरीबोट. किल्ला नदीपलीकडे असूनही गोव्याचा, आणि थोडं आत गेलं की पलीकडचा काठ सिंधुदुर्गातल्या आरोंद्याचा. पावसाळ्यात उधाणाच्या दिवसांत समुद्र केरीच्या सुरूच्या बनापर्यंत येतो, मुळांखालची वाळू ओढून नेतो आणि झाडं आडवी होतात. हे दरवर्षीचं आहे, त्यासाठी कुठल्या उपग्रहाची गरज नाही.

उपग्रहाचा प्रश्न येतो तो पुढच्या गोष्टीसाठी. गेल्या काही वर्षांत ‘२०५० साली तुमचं गाव पाण्याखाली?’ अशा मथळ्याचे रंगीत नकाशे मोबाईलवर फिरतात. कुणी त्यात केरी, हरमल, आरोंदा, कारवार शोधतो. लाल रंग दिसला की एक गट म्हणतो, ‘बघा, सांगत होतो’. दिसला नाही की दुसरा म्हणतो, ‘काही होत नाही, उगाच भीती घालतात.’ दोन्ही गट एकाच गोष्टीवर डोळे मिटून विश्वास ठेवतात, ती म्हणजे नकाशामागची जमिनीची उंची. ही उंची कुणी, कधी, कशी मोजली आणि ती कितपत बरोबर आहे, हे विचारलं जात नाही. केरीसारख्या गावाचं सगळं भवितव्य दोन मीटरच्या आत ठरणार असताना हा प्रश्न सोडून देणं परवडणारं नाही.

अकरा दिवसांची मोजणी

जगातले बहुतेक पूर-नकाशे ज्या मोजणीवर उभे आहेत ती फेब्रुवारी २००० मधली आहे. अमेरिकेच्या ‘एंडेव्हर’ या अवकाशयानानं अकरा दिवस पृथ्वीभोवती फिरून रडारनं जमीन टिपली. यानात एक अँटेना आणि बाहेर काढलेल्या ६० मीटर लांब दांड्याच्या टोकाला दुसरी. जमिनीवरून परतलेली लहर दोन्हींकडे किंचित वेगवेगळ्या वेळी पोचते आणि त्या फरकावरून उंची काढता येते. एसआरटीएम या नावानं ओळखली जाणारी ही मोजणी ६० अंश उत्तर ते ५६ अंश दक्षिण या पट्ट्यातल्या, म्हणजे जगातल्या सुमारे ८० टक्के जमिनीची. आधी ती आपल्या भागासाठी ९० मीटरच्या चौकोनांत मिळायची, २०१४-१५ पासून ३० मीटरच्या चौकोनांत सगळ्यांना फुकट मिळू लागली.

तीस मीटर बाय तीस मीटर म्हणजे जवळपास नऊ गुंठे. नऊ गुंठ्यांना मिळून एक आकडा, तोही पूर्ण मीटरमध्ये. तीन किंवा चार, साडेतीन नाही. घर, विहीर, माड, बांध, रस्ता असं जे काही त्या नऊ गुंठ्यांत असेल त्याची सरमिसळ होऊन हा आकडा निघतो.

मोहिमेचं मूळ उद्दिष्ट होतं की दहातल्या नऊ ठिकाणी चूक १६ मीटरच्या आत असावी. प्रत्यक्षात काम त्याहून कितीतरी चांगलं झालं. नंतर जमिनीवरच्या मोजणीशी ताडून पाहिलं तेव्हा युरोप-आशिया खंडात दहातल्या नऊ ठिकाणी चूक ६.२ मीटरच्या आत निघाली. जगभराच्या मोजणीसाठी ही मोठी कमाई आहे. आंबोलीचा घाट, चोर्ल्याचा चढ, तिळारीचं खोरं कळायला सहा मीटर इकडेतिकडे झाल्यानं काही बिघडत नाही. केरीच्या किनाऱ्यावर मात्र सहा मीटर म्हणजे सगळंच.

नंतर जर्मनीच्या टेराएसएआर-एक्स आणि टॅनडेम-एक्स या जोडीनं २०१० पासून पाचेक वर्षं एकमेकांच्या जवळून उडत अशीच, पण अधिक काटेकोर मोजणी केली. त्यातूनच युरोपचा ‘कोपर्निकस’ हा ३० मीटरचा मोफत उंचीनकाशा तयार झाला. त्याची हमी दहातल्या नऊ ठिकाणी ४ मीटरच्या आत चुकीची आहे आणि मोकळ्या सपाट जमिनीवर तो त्याहून बराच चांगला वागतो. आज नवं काम करणाऱ्यानं एसआरटीएम सोडून हाच घ्यावा, यात फारसं दुमत उरलेलं नाही. आपल्या इस्रोचा भुवनवरचा कार्टोडेम रडारचा नाही, तो कार्टोसॅट-१ च्या दोन कॅमेऱ्यांच्या छायाचित्रांतून काढलेला आहे. त्याची हमी ८ मीटरच्या आसपासची आहे.

सुरूच्या शेंड्यावरचा समुद्र

चुका दोन प्रकारच्या असतात. तराजू कधी दहा ग्रॅम जास्त, कधी दहा ग्रॅम कमी दाखवत असेल तर शंभर वजनं केल्यावर सरासरी बरोबर निघते. पण पारडंच एका बाजूला झुकलेलं असेल तर हजार वेळा तोललं तरी चूक तीच राहते. रडारच्या उंचीत हे दोन्ही प्रकार आहेत आणि किनाऱ्यावरची मोठी अडचण दुसऱ्या प्रकाराची, म्हणजे झुकलेल्या पारड्याची.

एसआरटीएमच्या रडारची लहर ५.६ सेंटिमीटरची, जर्मन जोडीची ३.१ सेंटिमीटरची. एवढी आखूड लहर दाट पानांतून खाली जमिनीपर्यंत जात नाही. ती झाडाच्या वरच्या भागात कुठेतरी अडते आणि तिथूनच परत फिरते. म्हणजे नकाशात जी ‘जमीन’ दिसते ती सुरूच्या बनात शेंड्याच्या थोडी खाली, माडाच्या बागेत झावळ्यांत आणि खाडीकाठी खारफुटीच्या टाळूवर असते. घरं दाटीनं असतील तिथं छपरं धरून.

केरीत नेमकं काय आहे? वाळूचा अरुंद पट्टा, त्यामागे सुरूचं बन, त्यामागे माड आणि घरं, नदीच्या अंगाला खारफुटी. म्हणजे रडारला फसवायला जे जे लागतं ते सगळं एका ओळीत. सुरूची वाढलेली झाडं पंधरा-वीस मीटर सहज जातात. नकाशात ही रांग समुद्रासमोर उभी असलेली टेकडी वाटते. पाणी वाढवत नेणारा संगणक त्या ‘टेकडी’ला अडतो आणि मागचं गाव कोरडं दाखवतो. खरी जमीन मात्र झाडांच्या बुंध्याशी आहे आणि उधाणाचं पाणी बुंध्याशीच येतं.

या झुकलेल्या पारड्याचा हिशेब पहिल्यांदा ठळकपणे पुढं आला तो अमेरिकेतल्या ‘क्लायमेट सेंट्रल’ या संस्थेच्या कामातून. स्कॉट कल्प आणि बेंजामिन स्ट्रॉस यांनी किनाऱ्यालगतच्या सखल जमिनीसाठी एसआरटीएमची लेझर मोजणीशी तुलना केली. अमेरिकेच्या किनाऱ्यावर एसआरटीएम सरासरी ३.७ मीटर, ऑस्ट्रेलियात २.५ मीटर जास्त उंची दाखवत होतं. त्यांनी संगणकाला ही चूक ओळखायला शिकवून ‘कोस्टलडेम’ हा सुधारित नकाशा बनवला आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये निष्कर्ष जाहीर केले: या शतकाच्या मध्यापर्यंत वर्षातून एकदा तरी पुराखाली जाणाऱ्या जमिनीवर आज सुमारे ३० कोटी लोक राहतात. जुन्या एसआरटीएमप्रमाणे हा आकडा ८ कोटींच्या आसपास होता. मुंबईचा मोठा भाग रंगलेला तो गाजलेला नकाशा याच कामातला.

समुद्रात बदल काहीच झाला नव्हता. फक्त जमिनीची उंची दुरुस्त केली आणि धोक्यातली माणसं जवळपास चौपट झाली. उंचीच्या अचूकतेचा प्रश्न शास्त्रज्ञांपुरता नाही, हे यापेक्षा स्पष्ट कसं सांगणार!

भारताच्या पृथ्वीविज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालानुसार उत्तर हिंदी महासागराची पातळी अलीकडच्या अडीच दशकांत वर्षाला सुमारे ३.३ मिलिमीटरनं वाढते आहे. दोन मीटरची चूक या वेगानं सहाशे वर्षांची वाढ होते. वेग पुढं वाढणार आहे, आयपीसीच्या ताज्या अहवालात शतकाअखेरची वाढ वेगवेगळ्या शक्यतांनुसार साधारण पाव मीटर ते एक मीटर धरली आहे. तरीही चूक मोजायच्या गोष्टीपेक्षा मोठीच राहते. किनाऱ्याच्या मोजणीत एक साधा ठोकताळा वापरतात. एक मीटर वाढलेला समुद्र नकाशावर भरवशानं दाखवायचा तर उंचीची सर्वसाधारण चूक पाव मीटरच्या आसपास हवी. कुठलाही मोफत जागतिक नकाशा इथं बसत नाही, कोस्टलडेमही नाही. राज्याराज्यांची तुलना करायला, धोरण ठरवायला तो उपयोगी आहे. केरीतल्या अमुक घराला धोका आहे की नाही हे त्यावरून सांगणं म्हणजे पंचांग बघून बोट सोडण्यासारखं.

ब्रिटनच्या ब्रिस्टल विद्यापीठातल्या गटानं २०२२ मध्ये कोपर्निकसमधली झाडं आणि इमारती ‘कापून’ फॅबडेम नावाचा नकाशा काढला. त्यांच्याच मोजमापानुसार जंगलातली सरासरी चूक ५.१५ मीटरवरून २.८८ वर आली आणि वस्तीतली १.६१ वरून १.१२ वर. सुधारणा मोठी आहे. पण उरलेली चूकही पाहावी, ती अजून माणसाच्या कमरेच्या वरच आहे.

शून्य कुठला?

‘समुद्रसपाटीपासून इतके मीटर’ हे आपण सहज म्हणतो. ही सपाटी म्हणजे कुठली, यातच पुढची गडबड आहे.

उपग्रह उंची मोजतो ती पृथ्वीच्या एका आखीव लंबगोलापासून. खरा समुद्र त्या लंबगोलाशी जुळत नाही. भारताच्या दक्षिणेला हिंदी महासागरात समुद्राची पातळी या लंबगोलाच्या तब्बल १०६ मीटर खाली आहे, जगातला सर्वांत मोठा खळगा. आपला गोवा-सिंधुदुर्ग-कारवारचा किनाराही त्याच उतारावर येतो आणि इथं फरक साठ मीटरहून जास्त आहे. म्हणूनच एखादं साधं जीपीएस ॲप केरीच्या वाळूत उभं राहून उणे साठच्या खाली उंची दाखवतं आणि माणूस चक्रावतो. ॲप बिघडलेलं नसतं, त्याचा शून्य वेगळा असतो.

हा फरक काढून टाकायची गणितं आहेत. एसआरटीएममध्ये १९९६ चं गणित वापरलंय, कोपर्निकसमध्ये २००८ चं. दोन नकाशे एकमेकांवर ठेवताना हे विसरलं तर उंचीत उगाचच फरक शिरतो. आणि इतकं करूनही आपण पोचतो ते सरासरी समुद्राशी. केरीचा माणूस ज्याला घाबरतो ती सरासरी नव्हे, भरती. इथं उधाणाच्या भरती-ओहोटीत दोन मीटरहून अधिक फरक पडतो, म्हणजे मोठ्या भरतीला पाणी सरासरीच्या मीटरभर वर येतं आणि वरून लाटा. नकाशात ‘एक मीटर उंच, सुरक्षित’ असा रंग असलेली जागा आजही उधाणात भिजत असू शकते.

भारतीय सर्वेक्षण विभागाचा जुना शून्य मात्र याच किनाऱ्याशी नातं सांगतो. १९०९ साली देशाची उंचीची पायाभूत पातळी ठरली ती नऊ बंदरांतल्या भरती-ओहोटीच्या नोंदींवरून आणि त्या नऊमध्ये मुंबईबरोबर कारवारही होतं. आजही धरण, पूल, रेल्वे यांची उंची याच साखळीतून येते. कोकण रेल्वेच्या सावंतवाडी, मडुरे, पेडणे या स्थानकांच्या पिवळ्या पाट्यांवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. ती जमिनीवर पायानं मोजत आणलेली उंची आहे. कुणाला उपग्रहाची परीक्षा घ्यायची हौस असेल तर पहिला पेपर इथंच मिळेल. पाटीवरचा आकडा घ्यावा आणि नकाशातल्या त्याच जागेच्या आकड्याशी ताडावा. रेल्वेची खोदाई, भराव आणि छप्पर एकाच चौकोनात आलं की फरक कसा पडतो तेही कळेल.

खाजनाचा बांध नकाशात नाही

आता या भागातली सगळ्यात अवघड जमीन. गोव्यात खाजन, कोकणात खार, कारवारकडे गजनी. नाव काहीही असो, जमीन एकच: खाडीकाठची, भरतीच्या पातळीच्या खाली असलेली, मातीचा बांध घालून समुद्रापासून राखलेली. बांधात मानस असते, म्हणजे पाण्याचं दार. ओहोटीला ते आतलं पाणी बाहेर सोडतं आणि भरतीला खारं पाणी आत येऊ देत नाही. तेरेखोलच्या आणि शापोराच्या काठाला पेडण्यात अशी शेतं आहेत, समोर आरोंदा-सातार्ड्याच्या बाजूलाही खाडीकाठची शेती आहे.

हा बांध माथ्यावर दोन-तीन मीटर रुंद असतो. नकाशाचा चौकोन तीस मीटरचा. दोन मीटरचा बांध तीस मीटरच्या चौकोनात विरघळून जातो आणि अख्ख्या शेताचं रक्षण करणारी गोष्टच नकाशातून नाहीशी होते. त्यामुळे संगणक पाणी थेट शेतात सोडतो आणि आज पिकत असलेली जमीन ‘बुडालेली’ दाखवतो. याच बांधाला लागून खारफुटी वाढली असेल तर उलटं होतं. झाडांच्या टाळूची उंची जमीन म्हणून लागते, शेत चार मीटर उंच वाटतं आणि तिथं काही धोकाच नाही असा नकाशा निघतो. एकाच खाजनात दोन टोकांना दोन विरुद्ध चुका! सरासरी काढली तर एकमेकींना झाकूनही टाकतील आणि अहवालात चूक कमी दिसेल.

म्हणून अचूकतेचा एकच सरासरी आकडा देणाऱ्या अहवालाकडे जरा संशयानंच पाहायला हवं. चूक कुठं मोजली? कोपर्निकसचा ४ मीटरचा आकडा जगभराचा आहे, त्यात माळरानं आहेत, वाळवंटं आहेत. पेडण्याच्या खाजनात, माडाच्या बागेत, सड्यावर, घाटात अशी वेगवेगळी तपासणी केली तरच त्या आकड्याला इथं अर्थ येईल. किनाऱ्याच्या वाळूवर चार ठिकाणं मोजून ‘मॉडेल उत्तम आहे’ म्हणणं सोपं असतं, कारण वाळू मोकळी असते.

प्रश्न शेतापुरता राहत नाही. खाजनाचा बांध फुटला तर दुरुस्तीला पैसे कुणी द्यायचे, हा वाद जुना आहे. ‘हा भाग बुडणारच’ असा नकाशा टेबलावर आला की बांध बांधायचा कशाला, असं म्हणायला वाट मिळते. आणि शेत पडीक पडलं की त्याच्यावर भराव घालायला बाकीचे टपलेलेच असतात. किनारी क्षेत्र व्यवस्थापन आराखड्याच्या २०२१ मधल्या जनसुनावण्यांत गोव्यात जो गदारोळ झाला त्यात खाजनाच्या सीमा, भरतीरेषा आणि नकाशातल्या चुका हाच मोठा मुद्दा होता. गावकरी बोट ठेवून सांगत होते, इथं मानस आहे, ती नकाशात नाही.

तिळारीचं पाणी आणि एकसंध नकाशा

इतकं वाचून कुणी म्हणेल, मग हे मोफत नकाशे टाकून द्यावेत. तसं मुळीच नाही, आणि याचं कारण सीमाभागातल्या माणसाला लगेच पटेल. सरकारी नकाशे राज्याच्या हद्दीवर थांबतात. गोव्याचा आराखडा तेरेखोलच्या मध्यावर संपतो, पलीकडं महाराष्ट्राचा सुरू होतो. दोन आराखडे वेगळ्या वर्षांचे, वेगळ्या एजन्सीचे. उपग्रहाला ही हद्द दिसत नाही. दोडामार्गातल्या तिळारी धरणापासून इब्रामपूर, हणखणे, साळवरून शापोराच्या मुखापर्यंतचा एकसंध उतार आज फुकट मिळतो तो इथंच.

ऑगस्ट २०१९ मध्ये तिळारीतून सोडलेल्या पाण्यानं आणि पावसानं पेडणे आणि डिचोली तालुक्यांतली काठावरची गावं बुडाली, साळमधल्या लोकांना हलवावं लागलं. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. धरणाचं दार अमुक इतकं उघडलं तर पाणी कुठपर्यंत चढेल, हे आधी सांगायचं असेल तर दोन्ही राज्यांचा एक उंचीनकाशा लागतोच. पाणलोट कुठला, ओढे कुठून येतात, पाणी साधारण किती वेळात पोचेल, एवढं ३० मीटरचा नकाशा चांगलं सांगतो. नदीकाठी तो कमी पडतो. काठावर माड-पोफळीची कुळागरं आहेत. रडारला ती नदीकाठचा उंच बांध वाटतात. संगणक पाणी पात्रातच ठेवतो, तर प्रत्यक्षात ते कुळागरातून घराच्या ओसरीवर येतं.

शिवाय नकाशाचं वय. मोपाच्या सड्यावरच्या विमानतळाचं उद्घाटन डिसेंबर २०२२ मध्ये झालं. एसआरटीएम २००० चं, जर्मन जोडीची मूळ मोजणी मुख्यतः २०१५ पर्यंतची. दोन्हींत मोपाचा सडा जुनाच आहे, कापलेला, भरलेला, सपाट केलेला नाही. सड्यावरून खाली येणाऱ्या ओहोळांचा हिशेब या नकाशावरून मांडला तर तो गेलेल्या सड्याचा होईल. डिचोलीत तर त्याहून जुनी गोष्ट आहे. २००० नंतर खनिजाची तेजी आली, २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या आणि दोन मोजण्यांच्या मधे टेकड्यांचे खड्डे झाले. इथं मात्र वय कामाला येतं. २००० ची उंची नंतरच्या उंचीतून वजा केली की किती डोंगर गेला याचा ढोबळ अंदाज निघतो, कारण खड्डा पन्नास मीटरचा असेल तर पाच मीटरच्या चुकीनं फार फरक पडत नाही. खड्ड्यात साठलेल्या पाण्याच्या पृष्ठभागाखालचं मात्र रडारला दिसत नाही.

उताराचंही असंच. गोव्याच्या २०२१ च्या प्रादेशिक आराखड्यात २५ टक्क्यांहून तीव्र उतारावर बांधकाम नको, असं धरलंय. २५ टक्के म्हणजे तीस मीटरच्या चौकोनात साडेसात मीटरची चढण. छोटी पण खडी दरड या चौकोनात सरासरी होऊन निवांत उतार दिसते. डोंगरकापणीच्या वादात कुणी उपग्रहाचा उतार पुढं केला तर तो कुठल्या चौकोनावरचा, हे आधी विचारावं.

दुसरी केरी

गोव्यात केरी एक नाही. सत्तरीतलं केरी चोर्ला घाटाच्या पायथ्याशी, अंजुणे धरणाजवळ आहे. बेळगावहून येणाऱ्यांना केरी म्हटलं की तेच आठवतं. तिथं रडार वेगळ्या तऱ्हेनं चुकतं. रडार सरळ खाली पाहत नाही, तिरकं पाहतं. घाटाच्या खड्या भिंतीचा माथा पायथ्याच्या आधी ‘दिसतो’ आणि दोन्ही एकमेकांवर पडतात. भिंतीमागची दरी सावलीत जाते. अशा जागी मोजणीत भोकं पडतात आणि ती दुसऱ्या स्रोतातून बुजवलेली असतात. चूक दहा-वीस मीटर सहज जाऊ शकते.

पण सत्तरीच्या केरीतल्या कुणाला त्यानं समुद्र जवळ येत नाही. घाटाच्या माथ्यावर, कणकुंबीच्या पठारावर मात्र प्रश्न नाजूक होतो. तिथून मलप्रभा पूर्वेला जाते आणि कळसा म्हादईकडे. पाण्याची विभाजनरेषा जिथं सौम्य पठारावरून जाते तिथं दोन-चार मीटरच्या चुकीनं रेषा सरकते. म्हादईच्या भांडणात उपग्रहाचे नकाशे दोन्हीकडून पुढं येतात, तेव्हा याच पठारावरची चूक कुणी मोजली का, हे पाहायला हवं.

‘निसार’ आला, आता सेंटिमीटरमध्ये?

३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून इस्रो आणि नासाचा ‘निसार’ हा रडार उपग्रह गेला. ‘जमिनीतली सेंटिमीटरभर हालचालही टिपणार’ अशा बातम्या आल्या आणि बऱ्याच जणांनी त्याचा अर्थ ‘आता उंची सेंटिमीटरमध्ये मिळणार’ असा लावला. तो चुकीचा आहे. निसार मुख्यतः बदल मोजतो. दर बारा दिवसांनी त्याच जागेवरून जाऊन आधीपेक्षा जमीन किती खचली, किती सरकली ते सांगतो. जागा समुद्रापासून किती उंच, हे त्याचं मूळ काम नाही. उलट त्याच्या गणिताला आधी एक उंचीनकाशा लागतो, आणि तो जुन्या मोहिमांतून येतो. त्याची लांब लहर, सुमारे २४ सेंटिमीटरची, झाडांत अधिक खोल जाते हे खरं. भराव टाकलेली जागा खचते का, घाटरस्त्यावर दरड सरकते आहे का, यासाठी निसार या भागाला खूप उपयोगी पडेल. केरीच्या उंचीसाठी त्याच्याकडं डोळे लावून बसण्यात अर्थ नाही.

उत्तर जमिनीच्या जवळ आहे. विमानातून किंवा ड्रोनमधून सोडलेला लेझर पानांमधल्या फटींतून खाली पोचतो आणि उंची काही सेंटिमीटरच्या चुकीनं देतो. नेदरलँड्सची बरीच जमीन आपल्या खाजनासारखी, समुद्राच्या खाली आणि बांधाच्या आड. त्यांनी सगळ्या देशाचा असा लेझर उंचीनकाशा करून लोकांना फुकट देऊन टाकलाय. डिसेंबर २०२२ च्या राष्ट्रीय भूस्थानिक धोरणात भारतानंही २०३० पर्यंत मैदानी भागासाठी २५ सेंटिमीटर आणि डोंगराळ भागासाठी १ ते ३ मीटर अचूकतेच्या उंचीनकाशाचं लक्ष्य ठेवलंय. ते २५ सेंटिमीटर म्हणजे वर सांगितलेला पाव मीटरच. कोकणची पट्टी मैदान धरणार की डोंगराळ, यावर आपलं बरंच काही अवलंबून आहे. सड्यांमुळे पेडण्याला ‘डोंगराळ’ म्हणून १ ते ३ मीटरमध्ये ढकललं तर खाजनं पुन्हा आंधळ्या नकाशातच राहतील. यावर गोवा, महाराष्ट्र आणि कर्नाटकानं आताच बोलायला हवं. स्वामित्व योजनेत ड्रोन उडाले, पण ते गावठाणांवर. खाजन गावठाणात येत नाही.

तोवर करता येण्यासारखं एक काम स्वस्त आहे. चांगल्या प्रतीचं जीएनएसएस यंत्र भाड्यानं घेऊन, जवळच्या सर्वेक्षण विभागाच्या बेंचमार्कशी जोडून, केरीत पन्नास-साठ ठिकाणची उंची दोन दिवसांत मोजून होते. त्यात वाळू, सुरूच्या बनातली जमीन, बांधाचा माथा, मानशीचा उंबरठा, खाजनातलं सगळ्यात खोल शेत, शाळेचा आणि देवळाचा चौथरा, फेरीचा धक्का हे सगळं हवं. झाडाखाली यंत्र अडखळतं, तिथं जुनी लेव्हल-मशीन आणि पट्टी चालते. गोव्यातल्या, सिंधुदुर्गातल्या, बेळगावातल्या कुठल्याही इंजिनीअरिंग कॉलेजच्या मुलांना हे जमतं. नदीपलीकडं आरोंद्यातही त्याच आठवड्यात, त्याच शून्यावरून तेवढीच ठिकाणं मोजली की दोन्ही काठ एका मापात येतील. मग कोपर्निकस किंवा फॅबडेम इथं किती चुकतो ते झाडाखालचं, बांधावरचं, मोकळं असं वेगवेगळं कळेल आणि पुढच्या आराखड्याच्या सुनावणीत ‘नकाशा चुकीचा आहे’ या वाक्यापुढं आकडा लिहिता येईल. मोजायला महिना निवडायचा तर एप्रिल-मे बरा. खाजनं सुकलेली असतात आणि पहिलं उधाण यायला अवकाश असतो.